संपलं म्हणू नये

आमच्याकडं मीठ संपत न्हाई. तेल संपत न्हाई, कुंकू संपत न्हाई, आन बांगडी तर फुटतच न्हाई. मीठ वाढतं, तेल वाढतं, बांगडी वाढते. बाहेरमुलखातल्या कुणी ऐकलं तर म्हणंल, काय भरभराट हाय बाई ह्या घरात! पण मराठी घरातल्या बाईला हे समजावून सांगावं लागत न्हाई. घरातल्या वस्तूला 'संपली' म्हणणं अशुभ, म्हणून 'वाढली' म्हणायचं. माझ्या माहेरी, झरीच्या घरात आईनं मला चूल शिकवताना हे शिकवलं. एकदा मी चुकून 'तिखट संपलं' म्हणाले, तर उलथनं हातावर बसलं होतं.

आता ज्या माणसाशी माझं लगीन लागलं त्यांना हे ठावंच नव्हतं. ते मास्तर. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, शिकवायचे. राज्य निजामाचं, शिकवणं उर्दूतून, अंगात शेरवानी. त्यांची आई ते पाळण्यात असतानाच गेली, बापबी लवकर गेला, आन हे औरंगाबादेला वसतिगृहात ऱ्हाऊन शिकले. बायकांची बोली कानावरून गेलीच न्हाई. लगीन होऊन दुसराच आठवडा असंल, मी उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन म्हणाले, "तुरीची डाळ वाढलीय."

"हां? बरं झालं की," म्हणाले, आन छत्री काखेत मारून मदरशाला गेले.

सांजेला हात हालवीत परत. मला वाटलं विसरले असतील. त्या दिवशी ठेचा-भाकरी. दुसऱ्या दिवशी जवसाची चटणी-भाकरी. तिसऱ्या दिवशी परत ठेचा. माणूस एका शब्दानं बोलंना, उलट अशा गोडीनं भाकर मोडायचे की मी म्हणलं ह्यांच्या जिभेला चव हाय का न्हाई! चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. परात आपटली खाली.

"मी काय अंगणात डाळ पिकवू का? तीन दिस झाले सांगायले, डाळ वाढली, डाळ वाढली!"

ते घास हातात धरून माझ्याकडं बघतच ऱ्हायले. "अगं, तूच म्हणतीस वाढली. मला वाटलं घरात डाळ भरपूर हाय, पण तुझं कायतरी व्रत असंल कोरडं खायचं. मंग म्हणलं आपणबी पाळावं."

मी कपाळाला हात लावला. मंग सगळं उलगडून सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं लाजले. लाजले कुठले!

"म्हणजे कमी झालं की तुमी बायका वाढलं म्हणता?"

"व्हय."

"रोज?"

"रोज. त्यात काय एवढं?"

जे हसायला लागले, डोळ्याला पाणी आलं. म्हणाले, "आन मी हेच शिकायला यवनांची किताबं धुंडाळायलोय!"

हे यवन कोण, ते मला लय दिवसांनी कळलं. आधी ह्यांच्या आन माझ्या घराचं सांगते, म्हणजे माझा स्वभाव कामून बिघडला ते तुमाला कळंल.

माझा बाप झरीचा कापडदुकानदार, लिंगायत. घरात शिवपूजा आन दुकानात गिऱ्हाईक, दोन्ही सूर्य उगवायच्या आत चालू. एकुलती एक लेक म्हणून परभणीच्या बाजारातून बैलगाडी भरून माझ्यासाठी भांडी आणली. हंडे, कळश्या, घंगाळ, परात, पातेली, तांबे, पितळ्या, सगळी मिळून एकवीस. एकेका भांड्यावर माझं नाव कोरलेलं. आन मी ज्या घरात उतरले तिथं काय होतं? दोन ताटल्या, तवा, तांब्या, दोन घोंगड्या, कंदील, छत्री, बापाचं खिशातलं घड्याळ आन एका पेटीत पुस्तकं. बस्स. आमच्यात गळ्यातलं लिंग चांदीच्या पेटीत असतं. ह्यांचं धुवट पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं. मी पहिल्याच दिवशी मनात म्हणलं, बापानं मला मास्तराला दिली का गोसाव्याला?

मंग मी सुताराकडून भिंतभर फळी करून घेतली आन माझी एकवीस भांडी मांडली. दर आठवड्याला चिंच आन राख घेऊन बसायची, दुपार जायची सगळी घासण्यात. शेजारपाजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. घरात माणसं दोन, भांडी एकवीस! पण ती फळी चमकायला लागली की मला वाटायचं, आपण कुणीतरी हाव.

ह्यांनी कधी नाव ठिवलं न्हाई. फळीकडं बघून एकदा एवढंच म्हणाले, "छान दिसतंय. पण तुझं मनगट दुखत असंल."

दुखत होतं. मी न्हाई म्हणाले.

तर यवनांचं असं. मदरशाचे हेडमास्तर, त्यांना तेव्हा सदर मुदर्रिस म्हणायचे, एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. बायको वारलेली, मागं पुढं कुणी न्हाई, दम्यानं बेजार. ह्यांच्यावर त्यांचा भारी जीव. शुक्रवारी मदरसा बंद असायचा, त्या दिवशी ते हटकून आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. त्यांच्याजवळ एक जाडजूड उर्दू किताब होती, जुन्या काळच्या यवन शहाण्यांची. यवन म्हणजे मुसलमान न्हवं, लांब समुद्रापलीकडचे ग्रीक. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं वाद घालायचा. मी आतून ऐकायची. बाजारगल्लीत लहानाची मोठी झालेली, दखनी मला येत होती. किताबी उर्दूतलं अर्धं कळायचं, अर्धं भाकरी थापायच्या आवाजात जायचं. पण 'रवाकी, रवाकी' असं सारखं कानावर यायचं. एकदा मी न राहवून ह्यांना विचारलं, "हे दर शुक्रवारी रव्याचं काय चाललेलं असतंय? शिरा करू का?"

"रवा न्हाई गं, रवाक. रवाक म्हणजे ओसरी. खांबांची, आपल्या गावात देवळादेवळाला हाय तशी. ते शहाणे तशा ओसरीत बसून शिकवायचे, म्हणून त्यांचं नाव पडलं रवाकी. ओसरीवाले."

"ओसरीवर बसून गप्पा हाणणारे झरीत पन्नास हायत. त्यांना कुणी शहाणं म्हणत न्हाई, रिकामटेकडे म्हणत्यात."

ह्यांनी पुढच्या शुक्रवारी हे जसंच्या तसं हेडमास्तरांना सांगितलं. म्हातारे इतके हसले की खोकल्याची उबळ आली. उबळ थांबल्यावर आत बघून म्हणाले, "बात तो सच्ची बोली बेटी." तेव्हापासून मी त्यांची बेटी झाले, आन दर शुक्रवारी मी काय टोला हाणते ते ऐकायला दोघंबी कान लावून बसायचे.

त्या ओसरीवाल्यांचं सांगणं तसं सोपंच. खळ्यावर दाणा आन भुसकट वेगळं करतो ना आपण, तसे दोन ढीग करायचे. एका ढिगात आपल्या हातातलं: आपण काय विचार करतो, काय बोलतो, लोकांशी कसं वागतो. दुसऱ्या ढिगात बाकी सगळं: घर, भांडी, नोकरी, लोकांचं तोंड, आपल्या अंगातली ताकदसुद्धा. दुसऱ्या ढिगाला जीव टांगला की माणूस उगंच झुरतो. म्हणून मुळात वस्तू थोड्या ठिवायच्या, आन ज्या हायत त्या गेल्या असं रोज सकाळी एकदा मनात आणायचं, म्हणजे जायची ती गेली तर माणूस कोलमडत न्हाई. महिन्यातले दोन-चार दिवस मीठभाकरीवर काढायचे, म्हणजे पोटाची भीड मोडते. हे म्हणायचे, "ती तुझी तीन दिवसांची कोरडी भाकर, तीच माझी पहिली तालीम."

आन सगळ्यात मजा म्हणजे, माझ्या आईचा शब्द त्यांनी उचलला आन त्याचा असा पिट्टा पाडला की बास. छत्री जिंतुरात विसरली, आले भिजत. "छत्री वाढली." जोड्याचा अंगठा तुटला, "जोडा वाढला." एका वर्षी बढती त्यांची व्हायची ती दुसऱ्याची झाली. मी चार दिवस तणतणत होते, आन हे काय म्हणावेत? "बढती वाढली." आता ह्या माणसाशी भांडावं तरी कसं सांगा! मी हसले, आन हसता हसता मला वाटलं, असं माणूस शंभर गावांत सापडायचं न्हाई. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा अभिमानच वाटायचा. गावात कुणाच्या घरी भांडण झालं, वाटणीचा तंटा झाला, की लोक ह्यांना बोलवायचे. ज्याला स्वतःला काही नको असतं त्याचं लोक ऐकतात.

पण माझ्या पोटात एक काटा होता, तो आता सांगते.

चार वर्षं झाली, पाच झाली, मला मूल होईना. पुढं लय उशिरा दोन झाली, पण तेव्हा काय माहीत? लोक माझ्या देखत ह्यांना सांगायचे, मास्तर, दुसरी करा. ह्यांचं उत्तर ठरलेलं. "हाय तेवढं पुरे."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आत जाऊन आनंदानं रडले. मंग हळूहळू ध्यानात आलं. 'हाय तेवढं पुरे' हे ते दोन ताटल्यांबद्दलबी म्हणायचे. एका शेरवानीबद्दलबी म्हणायचे. त्याच सुरात.

आन एका शुक्रवारी मी भाकरी थापायले, बाहेर म्हातारे वाचायलेत. शब्द कानावर आले. माल हो, बीवी हो, औलाद हो, सब अमानत है. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव, मागितली की देऊन मोकळं व्हायचं. माझा हात पिठात तसाच थांबला. वाटलं, आता हे कायतरी म्हणतील. म्हणाले. काय म्हणाले? "बेशक." शंकाच न्हाई म्हणे!

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे मी बाविसावं भांडं! रोज सकाळी लिंगपूजा करून ओसरीवर डोळे मिटून बसतात, घड्याळ गेलं, छत्री गेली असं मनात आणतात, त्या ओळीत मीबी कुठंतरी असंल. छत्रीच्या आधी का नंतर? सरळ विचारावं तर उत्तराची भीती वाटायची. 'व्हय' म्हणाले असते तर मी काय करणार होते? झरीला जाणार होते? म्हणून विचारलं न्हाई, आन न विचारता त्यांची परीक्षा घ्यायला लागले. एकदा तरी ह्या माणसाला कशासाठी तरी तळमळताना बघायचं, असं मी मनाशी ठरवलं. त्याशिवाय माझ्यासाठी तळमळतील का, हे मला कसं कळावं?

पहिल्यांदा त्यांच्या बापाचं घड्याळ ज्वारीच्या कणगीत लपवलं. त्यांनी खुंटी बघितली, कोनाडा बघितला, घोंगडी झटकली. "वाढलं वाटतं," म्हणाले, आन मदरशाच्या भिंतीची सावली बघून आठ दिवस घंटा वाजवली. आठव्या दिवशी मलाच राहवंना. घड्याळ त्यांच्या पाटावर ठिवलं. त्यांनी चावी दिली, कानाला लावलं आन म्हणाले, "वाढलेलं कमी झालं की काय?" बस. कुठं होतं, कुणी ठिवलं, काही न्हाई. मी चुलीत फुंकर घालायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. हसू येत होतं आन रागबी.

मंग पुस्तकांच्या पेटीला वाळवी लागली. ते मी केलेलं न्हाई, देवाशपथ. एक दिवस त्यांनी पेटी उघडली आन आतून नुसती माती. वरून पुठ्ठे धड, आत सगळं पोकळ. औरंगाबादेच्या दिवसापासून पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं ती. मी दाराआडून बघत होते, आता तरी हा माणूस हलतो का बघू. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्यांचा चेहरा उतरला. एक पुस्तक हातात घेतलं, त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, लय येळ. मी पुढं पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी पुस्तक झटकलं, माती खाली पडली, आन म्हणाले, "माझ्यापेक्षा बारीक वाचलं ह्यांनी."

पेटी उन्हात टाकली, हातपाय धुतले, आन त्याच दिवशी सांजेच्या आत मदरशातून पाटी-पेन्सिल घेऊन आले. माझ्यासाठी! "पुस्तकं वाढली. आता जे डोक्यात उरलंय ते तुझ्या पाटीवर काढू." मी म्हणलं, मला काय करायचंय लिहून, मी काय तहसीलदार व्हायलेय का? त्यांनी ऐकलं न्हाई. आज हे जे मी लिहायले, ते त्या दिवसापासून. आपली दौलत मातीत गेली त्याच दिवशी बायकोला अक्षर शिकवायला बसणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाई. आन तरीबी माझा काटा जागचा हलला न्हाई, बाईचं मन असंच असतंय.

मंग पाळी माझी आली. लढाई कुठं समुद्रापलीकडं चालली होती, पण तिचा हात माझ्या फळीपर्यंत पोचला. आमचा कल्हईवाला वर्षातून दोनदा जिंतूरहून भाता घेऊन यायचा. तो येईनासा झाला. आला एकदा तर मोकळाच. म्हणाला, कथील मिळंना माय, भांडी कशानं उजळू? आन कल्हई उडाली की पितळेत आंबट शिजवता येत न्हाई, अन्न कळकतं. सगळ्या बायकांनी पितळ बाजूला ठिवलं. मी ठिवीन तर ना! हट्टानं पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी केली. मला तेवढं जेवण गेलं न्हाई, ह्यांनी मात्र वाटीभर वरून मागून घेतली. दुपारपासून ज्या उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस माणूस अंथरुणातून उठला न्हाई. वैद्यानं ताक पाजलं. मी उशाशी बसून रडत होते, आन हे डोळे न उघडता म्हणतात, "आमटीला चव होती पण."

"मरा तुमी त्या चवीसकट!" मी ओरडले, आन लगेच स्वतःच्या तोंडात मारून घेतली.

त्या आठवड्यात कुंभाराकडून चार मडकी आणली. मडक्यात शिजवलेलं वरण इतकं गोड लागलं, काय सांगू! आन दुपारी चिंच-राख घेऊन बसायचं कारणच ऱ्हायलं न्हाई. मनगट दुखायचं थांबलं. मी पाटी घेऊन बसायला लागले, शेजारणीकडं जायला लागले, एक दिवस तर भर दुपारी ओसरीवर नुसतीच बसून ऱ्हायले, कायबी न करता. इतकी वर्षं मला वाटायचं भांडी माझी हायत. मी त्यांची मोलकरीण होते की! घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, माझ्या घरात मातीची भांडीबी आली आन माझा जीव सुटला.

मंग मी गावातल्या लगीन ठरलेल्या पोरींना एकेक भांडं द्यायला लागले. पहिला हंडा देताना हात जड झाला. त्याच्यावर कोरलेलं माझं नाव दिसत होतं, ती पोरगी लाजून म्हणाली, "काकू, नाव घासून काढू का?" मी म्हणलं, काढ बाई, तुझं घाल. चौथं-पाचवं देताना उलट मलाच गंमत वाटायला लागली. शेवटी फळीवर एक परात, एक कळशी, एक तांब्या ऱ्हायला. एका सकाळी हे रिकाम्या फळीकडं बोट करून म्हणाले, "लय वाढलंय गं तुझं." आमी दोघंबी हसलो. खरंच सांगते, झरीच्या भरल्या घरात मला इतकं सुखाचं कधी वाटलं नव्हतं. ओसरीवाल्यांचं म्हणणं मला पटलं होतं, भांड्यांपुरतं. माझ्यापुरतं न्हाई.

आन निजामाच्या राज्याचं शेवटलं वर्ष आलं. राज्य डळमळायला लागलं, मुलूख बिघडला. हत्यारं घेतलेली माणसं गावोगाव फिरायला लागली, आज ह्या गावात घरं जळाली, उद्या त्या, अशा बातम्या. कुणाला कुणाचा भरवसा ऱ्हायला न्हाई. लोक बायकापोरांना गाड्यांत घालून सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात पोचवायला लागले. शेजारच्यांची गाडी निघायची ठरली, आन हे मला म्हणाले, "तू जा त्यांच्याबरोबर."

"आन तुमी?"

हेडमास्तरांचा दमा त्या दिवसांत वाढला होता, आन हे वाढणं खरंखुरं वाढणं. उठून पाण्यापर्यंत जायची ताकद उरली नव्हती. ह्यांनी त्यांची खाट आमच्याच ओसरीवर आणली होती. म्हातारा मुसलमान, त्याला गाडीत घालून तिकडं न्यावं तर तिकडं त्याच्या जिवाला धोका, आन इथं एकटं टाकावं तर पाणी पाजायला कुणी न्हाई.

"मी थांबतो," हे म्हणाले. जसं 'आज मदरसा हाय' म्हणावं तसं.

मी भांडले. थांबू द्या मलाबी म्हणलं, न्हाई म्हणाले. तुमीच चला म्हणलं, न्हाई म्हणाले. म्हातारे खाटेवरून हात जोडत होते, "ले जाव बेटी इसको," खोकल्यातून एवढंच निघत होतं. मी त्यांच्यावर कशी चिडू? ह्यांना मात्र म्हणलं, "माझं काय झालं तर?"

"ते ना तुझ्या हातात, ना माझ्या."

"बास करा तुमची ती किताब!"

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वक्ताला गाडी निघाली. शेजारणीनं जातं घेतलं, पाळणा घेतला, गाद्या, डबे, हंडे, माणसाला बसायला जागा न्हाई, तिच्या सासूला मागनं चालत यावं लागलं. माझं एक गाठोडं मांडीवर. दोन लुगडी, भाकरी, पाटी. ह्यांनी स्वतः गाठ मारून दिली. हात अजिबात कापत नव्हता, मी बारकाईनं बघत होते. वाटंत पाणी गाळून पी म्हणाले, रोज चार अक्षरं गिरव म्हणाले. तोंडावर तेच, डाळीच्या वक्ताला होतं तेच.

बायका आपापल्या माणसांचा निरोप घ्यायल्या होत्या. 'येते हां', 'येते मी'. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं. दोन घरं पलीकडं ताक आणायला निघाली तरी बाई 'येते' म्हणून निघते, कारण 'गेला' आपण मेलेल्याला म्हणतो. हे त्यांनाबी माहीत होतं, एवढं तर वसतिगृहातबी कळतं. मी त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं ज्या उत्तराला भीत होते ते समोर उभं हाय असं मला वाटलं. म्हणलं, घ्या मंग. देऊन टाका ठेव ज्याची त्याला.

"जाते मी," मी म्हणाले. मुद्दाम. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

शेजारणीनं माझ्या दंडाला करकचून चिमटा घेतला. गाडीवानानं बैल हाकले. हे जागच्या जागी उभे होते. मी तोंड फिरवून पुढं बघायला लागले आन स्वतःला म्हणलं, झालं, कळलं एकदाचं, आता रडू नकोस.

गाडी वळणापर्यंत आली असंल. मागनं पावलं वाजली. कुणीतरी धावत येत होतं. मी बघितलं तर हे! डोक्याला टोपी न्हाई, पायात जोडा न्हाई. टोपी घातल्याशिवाय जो माणूस ओसरीची पायरी उतरला न्हाई, तो भर रस्त्यात उघड्या डोक्यानं, शेरवानीची टोकं हातात गोळा करून पळत होता. गाडीची मागची फळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"काय म्हणलीस?"

आवाज त्यांचा नव्हताच. मी गाठोडं उराशी धरलं.

"काय म्हणलीस तू? जाते? जाते म्हणलीस? येते म्हण!"

"कामून?" मला रडू फुटलं. "तुमच्या किताबात मी अमानतच हाय न्हवं? तुमीच बेशक म्हणला होता."

"किताब गेली चुलीत!" ते ओरडले. अख्खी गल्ली ऐकत होती. डोळ्यांतलं पाणी दाढीतून गळ्यापर्यंत आलं होतं आन ते पुसायलाबी फळी सोडायला तयार नव्हते. "येते म्हण आधी!"

"येते."

"मोठ्यानं म्हण!"

"येते."

बैल पुढं ओढायले, गाडीवान शिव्या द्यायला, आन हे फळी धरून गाडीबरोबर अनवाणी पळायले, "अजून एकदा म्हण, अजून एकदा," आन मी त्यांच्या मनगटाला धरून गावच्या येशीपर्यंत तेवढंच म्हणत ऱ्हायले, येते, येते, येते.